36 मैलांचं रडार, वीतभर वायर

मासेमारीबंदीचे जून-जुलै हे बोटीच्या मालकाला खर्च सुचण्याचे महिने. बोट किनाऱ्यावर ओढलेली, वर ताडपत्री, जाळ्यांची डागडुजी चाललेली आणि बाहेर पाऊस कोसळतोय. अशा वेळी रिकाम्या डोक्यात रडार शिरतं. मिरकरवाडा घ्या की हर्णै, असा एक तरी नाखवा भेटतोच. त्याच्या केबिनमध्ये जीपीएस आहे, फिश फाइंडर आहे, वायरलेस आहे, तरी जीव शांत नाही. कारण शेजारच्या बोटीच्या टपावर गेल्या मोसमात पांढरा घुमट बसलाय.

या धंद्यात खरेदीचा क्रम ठरलेला असतो. आधी मासा दिसला पाहिजे, मग घरची वाट, आणि पैसे उरलेच तर समोरून येणारं जहाज. कंपन्यांचाही क्रम फार वेगळा नाही. जपानमधल्या नागासाकीकडच्या फुरुनो बंधूंनी 1948 मध्ये व्यवहारात चालणारा जगातला पहिला फिश फाइंडर बाजारात आणला. जहाजांची रडारं ही त्यांच्या कंपनीची नंतरची कमाई.

तर नाखवा दुकानात जातो. सोबत तांडेल, कारण यंत्र शेवटी तोच चालवणार. आणि डिप्लोमाला असलेला धाकटा मुलगा, कारण इंग्रजी पुस्तिका तोच वाचणार. दुकानदार खोक्यावर बोट ठेवतो: "रेंज 36 मैल." नाखव्याचा चेहरा उजळतो. धाकटा मोबाइल काढून हिशेब मांडतो. रडारच्या लहरी जवळपास सरळ जातात, पृथ्वी गोल आहे. अँटेनाच्या उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढायचं, त्याला 2.2 नं गुणायचं, की क्षितिज किती सागरी मैलांवर ते कळतं. टपावरचा खांब धरून उंची 4 मीटर, म्हणजे क्षितिज साडेचार मैलांच्याही आत. पलीकडची होडी पाण्यावर 2 मीटर उंच असेल तर तिचे तीनेक मैल त्यात मिळवायचे. साडेसात झाले. मग 36 मैलांवर काय दिसणार? साधारण 200 मीटर उंचीचं काहीतरी.

"म्हणजे डोंगर," धाकटा म्हणतो.

"डोंगर कुठं पळून चाललाय?" तांडेल विचारतो.

दुकानदार विषय बदलतो आणि वॅटवर येतो. जुन्या पद्धतीच्या रडारमध्ये मॅग्नेट्रॉन असतो. तो 4 किलोवॅटचे आखूड ठोके सोडतो आणि चालू केल्यावर तापायला मिनिट-दीड मिनिट घेतो. नव्या सॉलिड-स्टेट रडारला तापावं लागत नाही, बॅटरीही कमी लागते आणि ताकद फक्त वीसेक वॅट. लांब ठोका सोडायचा, परत आलेला प्रतिध्वनी गणितानं आवळून बारीक करायचा, अशी त्याची रीत आहे. हे सगळं धाकटा नीट समजावून सांगतो. नाखवा ऐकून घेतो आणि म्हणतो, "घरातला पंखा पण याच्यापेक्षा जास्त वॅटचा आहे." किंमत दुप्पट आणि वॅट दोनशेवा हिस्सा, हा व्यवहार बाजारात वजनावर मासळी विकणाऱ्या माणसाच्या गळी उतरणं कठीणच.

खरं तर बघायचा असतो घुमटाचा व्यास. 18 इंची घुमटातून निघणारा झोत सुमारे पाच अंश रुंद असतो, म्हणजे सहा मैलांवर अर्धा मैल. तेवढ्या अंतरात शेजारी शेजारी चाललेल्या दोन बोटी पडद्यावर एकच ठिपका होऊन येतात आणि खाडीचं अरुंद तोंड लांबून चक्क बंद दिसतं. 24 इंची घुमट थोडा बरा. पण व्यास वाढला की वजन वाढतं, वजन वाढलं की खांब जाड लागतो. एव्हाना दुकानदारानं चहा मागवलेला असतो आणि चहा पिऊन झाल्यावर दुकानातून रिकाम्या हातानं निघणं आपल्याकडे कुणालाच जमत नाही.

मग उरतं ते बसवण्याचं काम, आणि लहान बोटीवर प्रत्येक चांगली जागा आधीच कुणीतरी बळकावलेली असते. रडारला उंच जागा हवी, पण मागे इंजिनाचं धुराडं आणि पुढे डोलकाठी. त्यांच्या आडोशाला रडारला काही दिसत नाही. खाली आणावं तर झोत टपावर बसलेल्या खलाशांच्या डोक्यातून जाणार. केबिनमध्ये पडदा बसवायची सोयीची जागा होकायंत्राशेजारी, आणि होकायंत्राच्या दुसऱ्या अंगाला धाकट्यानं कोळीगीतांसाठी लावलेला स्पीकर. स्पीकरमध्ये चुंबक असतो. त्यामुळे या केबिनमधली उत्तर दिशा बरीच वर्षं थोडी संगीताच्या बाजूला झुकलेली असते, हे वायरमन आल्यावरच उघडकीला येतं. बंदी उठण्याच्या आदल्या आठवड्यात रंगारी येतो, त्याचीही धास्ती. त्याच्या हातात चंदेरी रंगाचा डबा असतो, त्या रंगात ॲल्युमिनियमची पूड असते आणि घुमट कोरा पांढरा राहिलेला त्याला बघवत नाही.

पण वायरमनचं खरं भांडण वायरीवरून होतं. तो कल्हई केलेल्या तांब्याची जाड वायर मागतो. नाखव्याकडे दिवाळीच्या माळांमधून उरलेली वायर आहे, ती फुकट आहे, लाल आहे. खाऱ्या हवेत साधं तांबं एका मोसमात हिरवं पडतं आणि बारीक वायरीत बॅटरीचे व्होल्ट वाटेतच जिरतात. मग इंजिनाला स्टार्टर मारला की केबिनमधले सगळे पडदे एकदम काळे होतात. पुन्हा उजळले की जीपीएस पहिली गोष्ट करतं ती ही: फक्त या यंत्रावर विसंबून राहू नका, मान्य असेल तर बटण दाबा. इतकं सच्चं बोलणारी वस्तू दुकानात दुसरी नसते. तांडेल दर वेळी न वाचता बटण दाबतो.

हे फक्त गरीब बोटींचं दुखणं म्हणावं, तर 'रॉयल मॅजेस्टी' हे आलिशान प्रवासी जहाज आठवतं. 9 जून 1995 रोजी ते बर्म्युडाहून बॉस्टनला निघालं. तासाभरातच जीपीएसची वायर अँटेनापासून सुटली. यंत्रानं एक बारीक चिवचिवाट केला, पडद्याच्या कोपऱ्यात दोन-तीन इवली अक्षरं दाखवली आणि वेग-दिशेवरून अंदाजानं जागा सांगायला सुरुवात केली. जवळजवळ 34 तास ते अंदाज सांगत राहिलं आणि जहाजावरचे अधिकारी तोच आकडा इमानानं नकाशावर मांडत राहिले. दुसरं यंत्र शेजारीच होतं, त्याला कुणी विचारलं नाही. रडारवर बोया दिसायला हवा होता, तिथं एक बोया दिसलाही. फक्त तो दुसराच होता. आसपासच्या मच्छीमारांनी वायरलेसवर "ओ क्रूझ बोट" म्हणून हाका मारल्या. पण त्यांनी सांगितलेली जागा यांच्या हिशेबात लांबची, आणि जहाजावरून उत्तर काही गेलं नाही. शेवटी 1,509 माणसांसकट जहाज नॅन्टकेटजवळच्या वाळूत रुतलं, ठरल्या वाटेपासून 17 मैलांवर. कुणाला खरचटलं नाही. ही गोष्ट वायरमन पाठ करून ठेवतो आणि लाल वायर पाहिली की सांगतो.

त्याच नॅन्टकेटच्या समुद्रात 25 जुलै 1956 च्या रात्री 'आंद्रेया डोरिया' आणि 'स्टॉकहोम' ही जहाजं धडकली होती. दोघांकडे रडार होतं, दोघांनी एकमेकांना रडारवर पाहिलंही होतं. एक्कावन्न माणसं गेली.

नारळी पौर्णिमेनंतर आपली बोट एकदाची बाहेर पडते, घुमटाला झेंडूची माळ घालून. पडदा लाटांच्या ठिपक्यांनी भरून जातो, कारण लाटाही प्रतिध्वनी देतात. पाऊस आला की तोही पडद्यावर ढगासारखा पसरतो. हा गोंगाट कमी करायला दोन बटणं आहेत, एक समुद्राचं, एक पावसाचं. तांडेलाला स्वच्छ पडदा आवडतो. तो दोन्ही पार पिळतो आणि लाटांबरोबर आसपासच्या लाकडी, फायबरच्या होड्याही पुसल्या जातात. त्यांचा प्रतिध्वनी मुळातच नाजूक. "बघा, कुणी नाही," असं तो सांगत असतो तेव्हा डावीकडची होडी शंख फुंकावा तशी भोंगा वाजवत असते.

आणि ज्या जहाजाच्या भीतीनं हे सगळं केलं, त्याच्या रडारवर ही बोटही तितकीच नाजूक. तिथं कामाला येतं एआयएस: स्वतःचं नाव, जागा, वेग आपणहून ओरडून सांगणारं यंत्र. नाखवा ते ऐकताच गप्प होतो. त्याला सगळी जहाजं दिसायला हवीत, पण आपण सुरमईवर कुठं उभे आहोत हे अख्ख्या बंदराला कळावं अशी त्याची अजिबात इच्छा नाही. जीपीएसमध्ये साठवलेले 'पॉइंट' त्यानं जावयालाही दाखवलेले नाहीत.

दरम्यान सरकारी ट्रान्सपाँडरही आला आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्या योजनेचा प्रारंभ झाला. देशभरच्या एक लाख बोटींवर बसवायचा, बनावट इस्रोच्या तंत्राची. त्यावरून संकटाचा निरोप किनाऱ्यावर जातो, किनाऱ्याचा इशारा बोटीवर येतो. नाखवीण म्हणते, हा आधी बसवा, तुमची सुरमई कोण चोरतंय ते मग बघू. वाद मिटतो. वायरमन पुन्हा टपावर चढतो आणि वरूनच विचारतो, आकाश मोकळं दिसेल अशी जागा आता नक्की कुठली. कारण एका बाजूला रडार, दुसऱ्या बाजूला वायरलेसचा दांडा, मध्ये झेंडा, आणि केबिनमधून हाकललेला स्पीकर धाकट्यानं आता वर आणून बसवलाय.