हरकत आहे? हरकत नाही!

डहाणू तालुक्यातल्या वरोरच्या ग्रामसभेत रस्त्यावर एक दिवा लावायचा ठराव करायचा म्हटला, तरी आधी डोकी मोजतात. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब. शेजारच्या वाढवणला ७६,२२० कोटींचं बंदर आणायचं असेल, तर मात्र पर्यावरणाची जनसुनावणी रिकाम्या खुर्च्यांसमोरही सुरू करता येते. थट्टा नाही. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही, हे २००६च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेतच लिहिलेलं आहे. मतदानाचा तर प्रश्नच नाही.

१९ जानेवारी २०२४ला वाढवण बंदराच्या सुनावणीत खुर्च्या रिकाम्या नव्हत्या. मच्छीमार आले, बागायतदार आले, विरोध करून गेले. हीच अधिसूचना म्हणते की सुनावणी प्रकल्पस्थळी किंवा अगदी जवळ घ्यावी. ती झाली पालघरला, जिल्ह्याच्या ठिकाणी. जवळच की! मोबाइलच्या नकाशावर दोन बोटांत मावतं. वरोरच्या खलाशाची बोट तिथपर्यंत जात नाही, हा त्याचा दोष.

वरोर, वाढवण, चिंचणी या पट्ट्यात घरोघरी दागिन्यांच्या डाय बनतात. केसभर चूक झाली तर व्यापारी माल परत करतो. इतक्या बारीक कामाला बसणाऱ्या माणसाला नियमानं मराठीत काय द्यायचं, तर पर्यावरण आघात अहवालाचा सारांश. बारकावे त्याला झेपणार नाहीत, असं कुणीतरी ठरवलेलं दिसतं.

आता वेग बघा. केंद्रीय मंत्रिमंडळाची तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०२०ची. लोकांना विचारलं जानेवारी २०२४मध्ये. पर्यावरण मंजुरी १६ फेब्रुवारी २०२४ला. म्हणजे हरकती नोंदवणं, त्यांना उत्तरं देणं, तज्ज्ञांनी तपासणं आणि शिफारस करणं, सगळं महिन्याच्या आत! सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करायला ज्यांनी तलाठ्याकडे अर्ज टाकलाय, त्यांनी जरा शांतपणे बसून हे वाक्य पुन्हा वाचावं.

याच तालुक्यात कधीकाळी अर्जाला ‘नाही’ असंही उत्तर मिळायचं. डहाणू तालुका १९९१पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६मध्ये इथं पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं, अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. १९९८मध्ये पी अँड ओ ही परदेशी कंपनी याच वाढवणला बंदर बांधायला आली, तेव्हा प्राधिकरणानं तिला परत पाठवलं. त्याच प्राधिकरणानं ३१ जुलै २०२३ला अटी घालून ना हरकत दिली. धर्माधिकारी २०१९मध्ये गेले. किनारा होता तिथंच आहे.

आमचं म्हणणं एवढंच, की लोकांना विचारायचं तर निर्णयाआधी विचारा, आणि गावात येऊन विचारा. नंतर पालघरला बोलावून विचारणं ही सुनावणी नव्हे, हजेरी आहे.

बंदरामागून रस्ते येतील, गोदामं येतील, नव्या नोटिसा लागतील. तेव्हा वरोरकरांनो, घोषणा जरूर द्या, पण हरकत कागदावर द्या आणि शिक्का मारलेली पोच घरी आणा. आणि एक, सुनावणी संपताना लोकांच्या म्हणण्याचा गोषवारा तिथंच स्थानिक भाषेत समजावून वाचून दाखवायचा, हाही त्याच अधिसूचनेतला नियम आहे. तो वाचून होईपर्यंत मंडपातून कुणी उठू नका.