भोजनोत्तर हेलकावा

१८१८ म्हटलं की आपल्याला पेशवाई बुडाली एवढंच आठवतं. ती ज्यांनी बुडवली, त्यांची जातभाई मंडळी भर समुद्रात जेवता जेवता कशी घरंगळायची, हे त्याच साली लंडनच्या जॉर्ज क्रुकशँकने एका रंगवलेल्या एचिंगमध्ये दाखवून ठेवलंय. चित्रातलं जहाज ईस्ट इंडियामन, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापाराचं. ते एका अंगावर कलंडलंय आणि नुकतीच जेवलेली खाशी मंडळी खुर्च्यांसकट एकमेकांच्या अंगावर आलीत. कुणाचा हात, कुणाचा पाय, हिशेब लागत नाही.

मला मात्र कुतूहल आहे ते त्याआधीच्या तासाभराचं. कप्तानाच्या टेबलावर कोणी कुठे बसायचं हे हुद्द्यावर ठरे. विहिणीच्या पंगतीत नसेल एवढा मानपान! आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थान गाठायला चार-सहा महिने लागत. सुएझचा कालवा व्हायला अजून पन्नास वर्षं होती. तेवढे महिने तीच तोंडं, तेच रुसवे. ताजं मटण हवं म्हणून मेंढ्या, डुकरं, कोंबड्याही बरोबर. म्हणजे काल डेकवर बें बें करणारी आज ताटात. खोली मिळे ती रिकामी. पलंग, कोच, टेबल ज्याचं त्याने आणायचं आणि दोरांनी आवळून टाकायचं. सामान बांधून ठेवता येई हो, साहेबाला कोण बांधणार? एक हेलकावा, की वरच्या खुर्चीतला थेट कोपऱ्यातल्या कारकुनाच्या मांडीवर!

त्यात एचिंगची आणखी एक गंमत. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने चित्र कोरायचं, मग ॲसिडने रेघा खोल करून घ्यायच्या. पत्र्यावरचं कागदावर उमटतं ते आरशातल्यासारखं उलटं. म्हणजे कागदावर ही मंडळी ज्या बाजूला पडलेली दिसतात, पत्र्यावर ती नेमकी विरुद्ध बाजूला पडली होती. बिचारी दोन्हीकडून आपटली.

मूळ कल्पना क्रुकशँकची नव्हेच. ती फ्रेडरिक मॅरियटची. हा इंग्रजी आरमारातला अधिकारी, पुढे कादंबरीकार म्हणून गाजला. आरमारातल्या माणसाला हेलकाव्याचं काय कौतुक! इतरांची ही त्रेधा उडत असताना असला माणूस खांबाला पाठ लावून, हातातला पेला न सांडता, कोण कुणावर पडलं ते नीट टिपत उभा असणार, असं मला उगाचच वाटतं.