अंथरूण पाहून पाऊलखुणा

आमच्या सोसायटीत गेल्या महिन्यात कार्बन पाऊलखुणांची स्पर्धा झाली. नोटीस लागली तेव्हा निम्म्या लोकांना वाटलं, जिन्यात चिखलाचे पाय कोण उमटवतं ते शोधून काढणार. त्यामुळे पहिल्या सभेला गर्दी बरी झाली.

सेक्रेटरींनी खुलासा केला. दिवा लावला, गाडी काढली, गॅस पेटवला की कुठे ना कुठे कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर्षभराची बेरीज ही आपली पाऊलखूण. १४.२ किलोचा सिलिंडर संपला की साधारण ४२ किलो. आपली बहुतेक वीज अजून कोळशाची, म्हणून युनिटमागे ७०० ग्रॅमच्या आसपास. पेट्रोलचे लिटरला सव्वादोन किलो.

"लिटरभर पेट्रोलचं वजन किलोसुद्धा भरत नाही," बी विंगमधले आजोबा म्हणाले. "मग धूर सव्वादोन किलो कसा?"

"जळताना हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो ना, आजोबा."

"म्हणजे आपल्या दूधवाल्यासारखंच," आजोबा म्हणाले आणि बसले.

पुढचा महिना धामधुमीचा गेला. गेटावर 'वसुंधरा वाचवा' असा बारा बाय आठचा फ्लेक्स लागला. आमच्या घरी बांबूचे टूथब्रश मागवण्यात आले. चार ब्रश, चार खोकी, ती चार खोकी मावतील एवढं पाचवं खोकं, आणि उरलेल्या जागेत हवेच्या उशा. देणारा मुलगा मोटरसायकलवर दोनदा आला, कारण पहिल्यांदा आम्ही घरी नव्हतो. कापडी पिशव्या आणायला गाडी घेऊन मॉलमध्ये गेलो होतो. वास्तविक लग्नामुंजीत मिळालेल्या बावीस पिशव्या घरात आहेत, पण त्यांच्यावर दुसऱ्यांच्या मुलांची नावं छापलेली आहेत.

एसीचा प्रश्न मात्र नाजूक निघाला. एक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. २०२० पासून स्टारवाले नवे एसी मुळात चोवीसवरच सुरू होतात. तिथून हाताने अठरावर आणायचा आणि मग कपाटातून दुलई काढायची, अशी आमच्याकडची रीत. चिरंजीव म्हणाले, दुलईशिवाय झोप लागत नाही. एसीवरची चर्चा तिथे थांबली.

हे पाऊलखुणा मोजायचं खूळ घरोघरी पोचवलं कुणी, तर बीपी या तेल कंपनीने. २००४ च्या सुमारास तिने लोकांसाठी एक गणकयंत्रच काढलं: तुमची पाऊलखूण मोजा. गुत्त्याच्या मालकाने गिऱ्हाइकांसाठी यकृत तपासणी शिबिर भरवावं, तसं. गिऱ्हाईक बिचारं ओशाळून घरी जातं आणि गुत्ता रात्री वेळेवर उघडतो. भारतात हे मोजमाप दरडोई वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकेत चौदाच्या. पण हे सभेत बोलायची सोय नव्हती. सेक्रेटरींचा मुलगा ह्यूस्टनला तेल कंपनीतच आहे.

निकाल लागला आणि सगळ्यांच्या भुवया उंचावल्या. पहिले आले तळमजल्यावरचे काका!

या काकांना गेली तीस वर्षं सगळी सोसायटी 'कवडीचुंबक' म्हणत आली आहे. महिन्याची वीज ४५ युनिट. फ्रिज दिवाळीला बंद होतो तो शिमग्याला सुरू. कुकरमध्ये एकावर एक तीन भांडी, आणि दुसरी शिट्टी अर्धी झाली की गॅस बंद, उरलेली शिट्टी फुकट. अंघोळीला माणशी एकच बादली, तीही पाऊण. बादलीभर पाणी कोमट करायला अर्धा युनिट लागतो, हे काकांना स्पर्धेच्या आधीपासून पाठ होतं. प्रवास पीएमपी बसच्या पासावर. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला हिशेब, श्रीखंडाच्या डब्यांत डाळी. बनियनचं फडकं होतं, फडक्याचं पोतेरं होतं, आणि पोतेऱ्याचं पुढे काय होतं हे कुणी पाहिलेलं नाही. भांडी देऊन जुने कपडे नेणारी बोहारीण त्यांच्या दारावरून न थांबता पुढे जाते.

बक्षीस समारंभात हे सगळं 'शाश्वत जीवनशैली' म्हणून वाचून दाखवलं गेलं. काका ऐकत होते आणि हळूहळू ताठ होत होते. तीस वर्षं त्यांच्या पाठीमागे ज्या गोष्टी सांगून आम्ही हसलो, त्याच आता माइकवरून, टाळ्यांसकट. (वॉचमनला फॉर्म दिला नव्हता. जिन्याखालच्या खोलीत एक बल्ब, एक टेबलफॅन आणि खाली सायकल, एवढाच त्याचा संसार. पण स्पर्धा सभासदांपुरती होती.)

बक्षीस पुरस्कृत केलं होतं अध्यक्षांच्या मेहुण्यांनी. त्यांचा टूर्सचा धंदा. पहिलं बक्षीस: जोडप्याला दुबई, चार रात्री, विमानभाड्यासकट.

मी मनात हिशेब केला. जाऊन-येऊन माणशी साडेतीनशे किलो धरले तर दोघांचे सातशे. म्हणजे हजार युनिट. काकांच्या घरात ही वीज दोन वर्षं जवळजवळ पुरते.

काका माइककडे वाकले. "सहलीऐवजी रोख मिळेल का?"

सभागृहात खसखस पिकली. तेवढ्यात पहिल्या रांगेतून काकू उठल्या. त्यांना आजवर सभेत बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर चिमट्यांनी टांगणाऱ्या त्या, तिसऱ्या भांड्यातल्या अर्धकच्च्या बटाट्यांची भाजी करणाऱ्याही त्याच.

"रोख नको," त्या म्हणाल्या. "मला जायचंय. तिथल्या हॉटेलात मी शॉवरखाली उभी राहणार. गरम पाण्याच्या. अर्धा तास."

टाळ्या पडल्या, विशेषतः बायकांकडून. काकांचा चेहरा उतरला. खिशातून लग्नपत्रिका निघाली, पेन निघालं. थोडा वेळ ओठ हलले. मग त्यांनी मेहुण्यांना जवळ बोलावून हळूच विचारलं,

"पाण्याचं बिल हॉटेलवाल्याचंच ना?"

"अर्थात, काका."

"मग मीही करतो," काका म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ."