डाव्या गिटारींच्या संग्राहकांस मार्गदर्शन

जुन्या इलेक्ट्रिक गिटारी जमवण्याचा छंद आता इतका बोकाळला आहे, की ज्याच्यापाशी पुरेसा पैसा आणि एक मोकळी भिंत आहे असा कोणीही गृहस्थ १९५९ सालची गिब्सन लेस पॉल टांगून रसिकांत आपली गणना करून घेऊ शकतो. ज्यास खरी प्रतिष्ठा संपादन करावयाची असेल, त्याने अधिक दुर्गम वाट धरावी आणि डावखुऱ्या वादकांसाठी कारखान्यातच घडवलेल्या, व्यापारात ‘लेफ्टी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या गिटारींच्या मागे लागावे. अशा इच्छुकांच्या सोयीसाठी पुढील कलमे जारी करण्यात येत आहेत.

कलम १ : पात्रता

संग्राहक शक्यतो उजवा असावा. डावखुऱ्याच्या हाती अशी गिटार पडली, की ती वाजवण्याचा मोह त्यास अनावर होतो, आणि वाजवल्याने वाद्याची किंमत उतरते. उजव्या गृहस्थास मात्र ती कशीही धरली तरी दोन स्वर धड निघत नसल्यामुळे, वेगळ्या संयमाची आवश्यकता न पडता त्याचा संग्रह निष्कलंक राहतो.

कलम २ : कृतज्ञता

मनुष्यजातीचा सुमारे दहावा हिस्सा डावखुरा असूनही, फुलरटनच्या फेंडर आणि कॅलमझूच्या गिब्सन या दोन्ही कारखान्यांनी त्या शिरगणतीची दखल क्वचितच घेतली. परिणामी आल्बर्ट किंग व ओटिस रश यांनी उजवी गिटार उलटी धरून, तारांचा क्रमही न बदलता, म्हणजे जाड तार जमिनीच्या बाजूस आणि बारीक तार छातीच्या बाजूस ठेवून, ब्लूज वाजवले. जिमी हेंड्रिक्सने उजवी स्ट्रॅटोकास्टर उलटी धरली, तारा तेवढ्या आपल्या सोयीने फिरवून घेतल्या. त्यामुळे घोडीजवळचा तिरका पिकअप विरुद्ध अंगाने कलला, जाड तारांचा नाद अधिक लख्ख आणि बारीक तारांचा अधिक मऊ झाला, आणि आज हा अपघात साधावा म्हणून उजवे वादकसुद्धा उलट्या पिकअपची गिटार पदरमोड करून घेतात. संग्राहकाने या उपेक्षेबद्दल उभय कारखान्यांचे मनोमन आभार मानावेत. त्यांनी न्यायबुद्धीने दर दहांत एक गिटार डावी केली असती, तर आपल्या संग्रहास कोणी विचारले नसते.

कलम ३ : पंचनामा

विक्रेत्याने धाडलेल्या छायाचित्रात गिटार डावी दिसते एवढ्यावरून हुरळून जाऊ नये, कारण छायाचित्र उलट बाजूने छापले की पृथ्वीवरील यच्चयावत् गिटारी डाव्या होतात. सबब शिरोभागावरील कंपनीचे नाव सरळ वाचता येते की नाही, हे प्रथम पाहावे. नंतर मुद्देमाल प्रत्यक्ष हाती आला असता, उजवीची डावी केल्याच्या खुणा शोधाव्यात : पट्टा अडकवण्याच्या गुंडीचे जुने भोक बुजवले आहे काय, नटमधील खाचा भरून पुन्हा कोरल्या आहेत काय, दांडीच्या कडेवरचे ठिपके वादकाच्या दृष्टीस पडतील अशा कडेस मुळापासून आहेत की मागाहून बसवले आहेत, आणि घोडीच्या खिळ्यांची जागा बदलली आहे काय. फेंडरची दांडी सोडवल्यास तिच्या बुडाशी पेन्सिलीने वा शिक्क्याने घातलेली तारीख बहुधा सापडते. आवाजाच्या कळीखालील आतील पॉटवर १३७६५१२ असा आकडा आढळल्यास पहिले तीन अंक सीटीएस या उत्पादकाचे, पुढचे दोन १९६५ सालचे आणि शेवटचे दोन बाराव्या आठवड्याचे, असा अर्थ लावावा. मात्र गिटार त्या आठवड्याच्या आधीची नाही, इतकेच या दाखल्याने शाबीत होते.

कलम ४ : दोषांचे संरक्षण

कित्येक जुन्या लेफ्टींत कारखान्याने उजव्यांसाठी केलेलेच पॉट उलटे जोडून दिले आहेत, त्यामुळे आवाजाची कळ जराशी फिरवताच नाद एकदम उसळतो आणि पुढे ती कितीही फिरवली तरी फारसा फरक पडत नाही. वादकाच्या दृष्टीने हा छळ होय; संग्राहकाच्या दृष्टीने हा अस्सलपणाचा पुरावा होय, आणि तो नाहीसा करण्यासाठी मूळ झाळणास जो हात लावील, तो आपल्याच वारसांचे नुकसान करील.

कलम ५ : लाकूड व जकात

साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या पुष्कळ गिटारींची फ्रेटबोर्डाची पट्टी ब्राझिलियन रोझवुडची असते. १९९२ पासून हे लाकूड आंतरराष्ट्रीय करारान्वये कडक संरक्षणाखाली असल्याने, परवान्यावाचून ते सरहद्दीपार आणू पाहणाऱ्याची गिटार सरकारजमा होण्याचा संभव आहे. पुढे कंपन्या भारतीय शिसवीकडे वळल्या. आपल्या सह्याद्रीतही वाढणाऱ्या या लाकडास जाणकार दुय्यम लेखतात; मराठी संग्राहकानेही, वाडवडिलांच्या शिसवी झोपाळ्यावर बसून, ते तसेच लेखावे.

कलम ६ : धीर

पॉल मॅकार्टनीने १९६१ साली हँबुर्गमध्ये घेतलेला डावा हॉफनर बास १९७२ साली लंडनमध्ये चोरीस गेला आणि अर्धशतकानंतर इंग्लंडातीलच एका घराच्या माळ्यावरून बाहेर आला. इतरांच्या माळ्यांविषयी संग्राहकाने आस्था बाळगावी, परंतु मालकीचा दस्तऐवज पाहिल्याखेरीज बयाणा देऊ नये.

कलम ७ : मूल्यनिर्धारण

वाजवून झिजलेल्या गिटारीस व्यापारी ‘प्लेयर ग्रेड’ या कनिष्ठ वर्गात घालतात, आणि कलम १ याच तत्त्वावर उभे आहे. परंतु रंगमंचावर गिटारी फोडण्याबद्दल ख्यातनाम असलेल्या कर्ट कोबेनची १९६९ सालची निळी डावी मस्टँग मे २०२२ मध्ये सुमारे ४५ लाख डॉलरना गेली. आणि त्याआधी, जून २०२० मध्ये, १९९३ च्या ‘एमटीव्ही अनप्लग्ड’मध्ये त्याने वाजवलेल्या १९५९ सालच्या मार्टिन डी-१८ई ला सुमारे ६० लाख आले होते, जी जन्माने उजवी असून त्याच्यासाठी डावी करून घेतलेली होती, म्हणजे कलम ३ अन्वये आपण तिला दारातूनच परत पाठवली असती. तेव्हा गिटार डावी असण्यापेक्षा ती कोणत्या डावखुऱ्याच्या हातात होती यालाच बाजार अधिक दाम देतो, हे संग्राहकाने ओळखून असावे, मात्र सभेत बोलू नये. एखादा डावखुरा मुलगा घरी येऊन, जरा वाजवून पाहू का, असे विचारू लागल्यास नियमाप्रमाणे त्यास नकारच द्यावा लागेल; त्या नकाराने आपण झिजेचे शंभर डॉलर वाचवले की साठ लाखांवर पाणी सोडले, याचा हिशेब कोणत्याही दरपत्रकात मिळणार नाही.