आबा, नारळ आणि देव नसलेला डोंगर

हिल्सबरो, ऑरेगन
मे महिना

ती. सौ. आईस,


काल फोनवर तू विचारलंस, "डोंगर चढताना दमला न्हाईसा न्हवं?" आबांनी "छ्या!" म्हणून फोन माझ्याकडं दिला. ते शेजारीच बसले होते, त्यामुळं मला काही बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

शनिवारी आम्ही सगळे डॉग माउंटनला गेलो. कोलंबिया नदीच्या पल्याडच्या काठावर, वॉशिंग्टन राज्यात हा डोंगर आहे. माथा 2948 फुटांवर आणि पायथा जवळजवळ नदीच्या पाण्यालाच, म्हणजे चढ किती ते तूच बघ. फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी परमिट लागतं. आबा म्हणाले, "डोंगर चढायला परवानगी? तहसीलदाराची का कलेक्टरची?" मी म्हटलं, आबा, आता कासच्या पठारालासुद्धा तिकीट आहे. "ते साताऱ्याचं मला सांगू नगंस."

जाताना नदी ओलांडायला एक लोखंडी पूल लागतो, 1926 सालचा. नाव 'ब्रिज ऑफ द गॉड्स'. फार पूर्वी डोंगराची दरड कोसळून नदीवर आडवी पडली होती, तोच देवांनी बांधलेला पूल, अशी इथल्या मूळ लोकांची कथा. हे आबांना सांगितलं ती माझी चूक नव्हे, तुझ्या सुनेची. पुलावर टोल आहे. टोलविरोधात रस्त्यावर उतरलेल्या जिल्ह्यातला माणूस, आता काय बोलतील म्हणून मी जीव मुठीत धरला. पण आबा शांत. "देवाचा पूल म्हटल्यावर द्यायलाच पायजे." आणि पिशवी चाचपली. पिशवीत नारळ होता. पूल देवाचा, तर डोंगरावर देव असणारच, असा हिशेब.

पायथ्याला गाड्यांची गर्दी होऊ नये म्हणून स्टीव्हनसन गावातून बस सोडतात, तिच्या तिकिटातच परमिट येतं. उभा जन्म एसटीच्या स्टिअरिंगवर गेलेला माणूस दुसऱ्याच्या बसमध्ये कसा बसतो ते तुला ठाऊक आहे. सगळा रस्ता उजवा पाय ब्रेकवर. उतरताना ड्रायव्हरशी हात मिळवून मराठीतून म्हणाले, "गिअर जरा लौकर टाकतोस, बाकी बरं हाय." तो थँक्यू म्हणाला.

थोडं वर गेल्यावर वाट फुटते. एका बाजूला पाटी 'जास्त अवघड', दुसऱ्या बाजूला 'कमी अवघड'. सोपी वाट नाहीच. आम्ही कमी अवघड धरली. तिथंच आबा थांबले. वाटेच्या कडेला तीन-तीन पानांचं हिरवंगार झुडूप. "बेल! बघ लेका, म्हादेव हाय वर." हात पुढं गेला आणि नात अशी किंचाळली की मागचे चार लोक थबकले. ते पॉयझन ओक. त्याला हात लागला की अंगभर खाज आणि फोड, आपल्या बिब्ब्याचीच भाऊबंदकी. इथल्या शाळेत पोरांना पहिलं हेच शिकवतात, तीन पानं दिसली की लांब राहा. त्रिदळाला हात लावू नका म्हणणारा मुलूख आबांना काही पटलेला नाही.

झाडी संपली आणि उघडा उतार लागला. आई, काय सांगू! सगळा डोंगर पिवळाधमक. बाल्समरूट म्हणतात त्याला. सूर्यफुलाचं धाकटं भावंड म्हण, हाताएवढी लव असलेली पानं, आणि त्यांच्यावर फुलांचे झुबके. मधनंमधनं ल्युपिनचे निळे-जांभळे तुरे, कुठं तांबडं पेंटब्रश. आपल्याकडं वसंत झाडावर येतो, पळस, पांगारा, काटेसावर, आणि जमीन तोवर करपलेली. जमिनीला फुलं यायची ती भादव्यात, सोनकी नि तेरडा. इथं हिवाळाभर पावसाचं आणि बर्फाचं पाणी प्यायलेली जमीन उन्हाळा कडक व्हायच्या आत सगळं उरकून घेते. नदीपलीकडं काळे कडे, थरावर थर. मी सांगितलं, तेही लाव्हाचेच, साधारण दीड कोटी वर्षांपूर्वीचे; आपला सह्याद्री साडेसहा कोटींचा. "म्हंजे आपला थोरला," आबा म्हणाले आणि त्या कड्यांकडं जरा मायेनं बघायला लागले.

तेवढ्यात वारा आला. त्या खोऱ्यातला वारा म्हणजे वारा. आबांची टोपी उडाली ती वाटेपासून चार हातांवर, फुलांच्या गचपणात. आबा पाय टाकणार तोच एका पोरीनं हात आडवा केला. वाट सोडायची नाही, एक पाऊल पडलं तरी फुलं दबतात, म्हणाली. आबा तिच्याकडं बघतात, ती टोपीकडं बघते, मागं रांग तुंबलेली. सकाळपासून सून काठी पुढं करत होती आणि आबा "मी काय म्हातारा हाय?" म्हणत होते. शेवटी तीच काठी घेतली, गुडघ्यावर बसले आणि विहिरीतली घागर गळानं काढावी तशी टोपी ओढून काढली. रांगेनं टाळ्या वाजवल्या. त्यानंतर ती काठी माथ्यापर्यंत हातातून सुटली नाही.

माथ्यावर देऊळ नाही, दीपमाळ नाही, चहाची टपरी नाही. आबा चारी बाजूंनी फिरून आले. "मग एवढी माणसं येत्यात कशाला?" भूदरगडावर कसं, भैरोबा आहे, तळं आहे, आणि गाडी वरपर्यंत जाते. मी म्हटलं, फुलं बघायला. आबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी दशम्या सोडायला घेतल्या. मग त्यांनी एका दगडावर नारळ फोडला, पाणी चारी दिशांना शिंपडलं आणि ओळीत बसलेल्या प्रत्येकाला खोबऱ्याचा तुकडा दिला. सगळ्यांनी घेतला. एकानं तर शेंगदाण्याची चटणीही मागून घेतली आणि पुढची दहा मिनिटं पाणी पीत बसला. करवंट्या आबांनीच गोळा करून पिशवीत भरल्या. इथं काही टाकायचं नाही, हे त्यांना न सांगता कळलं होतं.

काठीसह फोटो वेगळा पाठवतोय. डेपोतल्या मंडळींना दाखवू नकोस.

तुझा,
बाळ

ता. क. (स्वहस्ते) – पोराने लिहिलेले निम्मे खोटे आहे. काठी सुनेच्या समाधानासाठी धरली. धूळवाफ पेरणीला बियाणे रोहिणीच्या आत आणून ठेवणे, शेणी पावसाआधी आत घेणे. आणि भैरोबाला एक नारळ जादा फोडणे. इकडचा कोणाच्या खात्यावर जमा झाला, समजत नाही.