मामांचे आडनाव आणि इतर गुपिते

आईचे माहेरचे आडनाव ही मनुष्याच्या आयुष्यातील परम गोपनीय बाब असून ती त्याच्यावाचून अन्य कोणास ठाऊक असण्याचा संभव नाही, हा सिद्धान्त ज्या कोणा विद्वानाने प्रथम मांडला त्याला मामा नसावेत, आणि असलेच तर ते मराठी नसावेत, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह उरलेला नाही. खाते उघडताना, आणि पुढे परवलीचा शब्द विस्मरणात गेल्यामुळे आपण आपणच आहोत हे शाबीत करताना, बँकेच्या मेजापलीकडील कन्या हा प्रश्न आवाज खाली आणून विचारते, आणि मिळालेले उत्तर मोठ्या गांभीर्याने संगणकाच्या उदरात दडवून ठेवते. वास्तविक ज्या समाजात विवाहेच्छू मुलाच्या परिचयपत्रात ‘मामा’ या मथळ्याखाली आडनाव, गाव, आणि मामा वर्ग एकचे अधिकारी असल्यास हुद्दादेखील ठळक टाइपात छापलेला असतो, जेथे ते परिचयपत्र वधूवर सूचक मंडळाच्या दप्तरातून निघून ज्ञातीच्या यच्चयावत व्हॉट्सअ‍ॅप गटांवर संचार करते, आणि जेथे प्रत्यक्ष लग्नात तोच मामा अंतरपाटाजवळ चारशे लोकांसमक्ष उभा राहतो, तेथे या आडनावास गुप्त राहण्यास जागा तरी कोठे आहे?

आणि जे परिचयपत्रातून सुटते ते आगगाडीत गवसते. डेक्कन क्वीन पुण्याहून सुटून लोणावळ्याची चिक्की खिडकीशी येते न येते तोच शेजारच्या गृहस्थाने आपले मूळ गाव, कुलदैवत, शाळा, पहिली नोकरी आणि घरातील कुत्र्याचे नाव ही सर्व माहिती कोणतीही तसदी न देता काढून घेतलेली असते. बँकांच्या सुरक्षाप्रश्नांची यादी पाहिली तर ती या गृहस्थाच्याच संभाषणावरून तयार केली असावी असे वाटते. सुरक्षाशास्त्राचे जाणकार यावर असा तोडगा सुचवतात की, अशा प्रश्नांना सरळ खोटी उत्तरे द्यावीत. उपाय शास्त्रशुद्ध आहे. परंतु केवळ बचत खात्याच्या रक्षणार्थ आजोळ बदलल्याची वार्ता थोरल्या मामांच्या कानी गेली, तर त्या खात्यातील रकमेहून मोठे नुकसान संभवते.

जन्मतारखेची कथा याहून शोचनीय. बँकेला निदान तारखेवर समाधान असते. वधूपक्षाला जन्मवेळ मिनिटासकट, जन्मस्थळ तालुक्यासकट, शिवाय रास, गण आणि नाडी, असा सगळा ऐवज लागतो, आणि तो आपण पूर्वी कधीही न पाहिलेल्या कुटुंबास, केवळ त्यांच्या मुलीचे अक्षर सुरेख असल्याचे ऐकून, आनंदाने सुपूर्द करतो.

जी गोष्ट गावाला ठाऊक आहे ती बँकेने गुपित मानावी, याला विनोद म्हणून सोडून देता आले असते. परंतु जी खरोखर जपावी ती आपण कोठे ठेवतो याची चौकशी करू गेल्यास पाऊल झेरॉक्सच्या दुकानाकडे वळते. आधारचा पहिला क्रमांक देशात सर्वप्रथम दिला गेला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील तेंभली गावी, 29 सप्टेंबर 2010 रोजी. त्या दिवसापासून आजतागायत त्या बारा अंकांच्या किती झेरॉक्स प्रती निघाल्या असतील याचा अजमास करणे मानवी बुद्धीच्या आवाक्याबाहेरचे आहे. लॉजमध्ये उतरा, झेरॉक्स द्या; मुंजीसाठी कार्यालय ठरवा, झेरॉक्स द्या. आणि ती काढण्यासाठी आमच्या कोपऱ्यावरील दुकानात जावे तर दुकानदार मान वर न करता म्हणतो, “या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा, काका.” आपण करतो. त्याच्या संगणकाच्या पडद्यावर, देवादिकांच्या चित्राभोवती, अख्ख्या प्रभागाची आधारपत्रे, पॅनकार्डे, सातबारे, भाडेकरार आणि मृत्युपत्रांचे कच्चे मसुदे दाटीवाटीने विराजमान असतात. इतके परिपूर्ण दप्तर तहसील कचेरीतही सापडावयाचे नाही. दुकानदार सज्जन आहे, हे नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो. परंतु त्याचा संगणक त्याचा पुतण्याही वापरतो, आणि बिघडलेल्या प्रती रद्दीत जातात. मागे एकदा भेळ संपल्यावर कागदाच्या तळाशी एका अपरिचित गृहस्थाचा गंभीर चेहरा, पूर्ण पत्ता आणि बाराही अंक मला चिंचेच्या पाण्यातून स्पष्ट वाचता आले. चव उत्तम होती.

आधारच्या झेरॉक्स प्रती वाटेल त्या संस्थेस देऊ नका, त्याऐवजी केवळ शेवटचे चार अंक दिसतील अशी झाकलेली प्रत द्या, असा इशारा आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने 27 मे 2022 रोजी दिला होता. ही सूचना इतकी समंजस होती की देशभर हलकल्लोळ उडाला. तिचा विपर्यास होण्याचा संभव आहे असे कारण देऊन 29 मे रोजी ती मागे घेण्यात आली, आणि नागरिकांनी आपला क्रमांक देताना नेहमीचे तारतम्य बाळगावे, एवढाच उपदेश शिल्लक राहिला. नेहमीचे तारतम्य आम्ही बाळगतच होतो. भेळेचा कागद त्याचीच साक्ष देत होता.

त्याआधीच सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने निर्णय दिला होता की, खासगीपणा हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाने संरक्षिलेला मूलभूत हक्क होय. दाद मागणारे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी होते. या निर्णयाचा अभिमान उरी बाळगून मी एका कापडदुकानात दोन बनियन घेतले आणि गल्ल्यावरील मुलीने मोबाइल नंबर विचारताच तो देण्यास नम्रपणे इनकार केला. अशी सक्ती करू नये असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानेही मे 2023 मध्ये दुकानदारांना कळवले आहे, हेही तिच्या निदर्शनास आणले. ती म्हणाली, “नंबरशिवाय बिलच निघत नाही, काका.” मी अनुच्छेदाचा उच्चार करणार तोच रांगेतील पाठीमागच्या गृहस्थांनी, रांग पुढे सरकावी या लोककल्याणकारी हेतूने, “माझा नंबर घाला हो!” असे म्हणून आपले दहा अंक खणखणीत आवाजात सांगून टाकले. आता माझ्या बनियनांच्या खरेदीबद्दल त्यांना वर्षभर शुभेच्छा येत राहतील.

मात्र या सर्वांवर कडी केली ती आमच्या आत्याने. ओटीपी कोणासही सांगू नये, हे वाक्य अमिताभ बच्चन यांच्या आवाजात, फोन लावला की लागण्यापूर्वी, इतके दिवस ऐकू येत होते की ऐंशीच्या घरातील आत्याने ते व्रत म्हणूनच स्वीकारले. अशा स्थितीत गॅसवाला तिसऱ्या मजल्यावर सिलिंडर खांद्यावरून उतरवून धापा टाकीत म्हणाला, “आजी, मोबाइलवर चार आकडे आलेत, तेवढे सांगा.” आत्याने दाराची साखळी लावली. तो विनवणी करू लागला, की आकड्यांशिवाय सिलिंडर परत न्यावा लागेल, वर नोंद होत नाही, एजन्सीत बोलणी बसतात. आत्या फटीतून म्हणाली, “तू चांगल्या घरातला दिसतोस, बाळा. असली कामं सोड.” सिलिंडर तिन्ही मजले उतरून परत गेला. त्याच दुपारी कोण्या गोड आवाजाच्या मुलीचा ‘सर्वेक्षणा’साठी फोन आला, तिचे आडनाव आत्याच्या नात्यात बसणारे निघाल्यामुळे आत्याने तिला आपली जन्मतारीख, पेन्शन कोणत्या बँकेत जमा होते ते, दोन्ही मुलगे परदेशी असल्याचे, आणि दुपारी एक ते पाच आपण घरात एकट्याच असतो हेही कळवले. शेवटी चहाला ये, असे निमंत्रण दिले. तिने ओटीपी मागितला नव्हता, आणि त्यामुळे आत्याच्या मते ती मुलगी विश्वासाला पात्र होती.

आत्याला हसण्याचा अधिकार मला तरी पोहोचत नाही. कारण एकाच फोनवर, एकाच घंटेनिशी, दोन्ही प्रकारचे आकडे येतात. ज्याने पैसे जातात तो आकडा ब्रह्मदेवालाही सांगावयाचा नाही, आणि ज्याने वस्तू येते तो दारातल्या माणसाला, वस्तू डोळ्यांनी पाहून, सांगावयाचाच. हा पात्रापात्रविवेक संदेशाच्या इंग्रजी मजकुरात, बारीक अक्षरांत, तिसऱ्या ओळीला दडलेला असतो. आणि आत्याचा चष्मा देवघरात असतो.

परवलीच्या शब्दांविषयी अधिक लिहीत नाही. त्या दुःखाला सर्वांनी आपापल्या घरी तोंड दिलेले आहे. एक मोठे अक्षर, एक आकडा, एक विचित्र चिन्ह आणि ठरावीक मुदतीने सक्तीचा बदल, ही आचारसंहिता अमेरिकेच्या मानक संस्थेतील बिल बर यांनी 2003 साली लिहिली, आणि निवृत्तीनंतर 2017 साली तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. त्याच वर्षी त्या संस्थेनेही सक्तीच्या बदलाचा नियम रद्द केला. तो खेद आमच्या एका खात्यापर्यंत मात्र अद्याप पोहोचावयाचा आहे. आमच्या घरचे सर्व परवलीचे शब्द सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातील कालनिर्णयावर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवले असून, डिसेंबरअखेर जुने कालनिर्णय उतरले की ते नव्या जानेवारीच्या पानावर विधिपूर्वक स्थलांतरित होतात. आमचे संगणक अभियंता भाचे हे पाहून मूर्च्छित होण्याच्या बेतात होते. परंतु ब्रूस श्नायर नामक नामांकित सुरक्षातज्ज्ञाने 2005 सालीच सांगून ठेवले आहे की, शब्द कठीण निवडा, कागदावर लिहा आणि पाकिटात जपा. कागद जपण्याची विद्या माणसाला चांगली अवगत आहे. स्वयंपाकघराची भिंत पाकिटात मोडते की नाही, एवढाच वाद उरतो, आणि त्या भिंतीच्या अधिकारक्षेत्रात मी सहसा बोलत नाही.

कागद जपण्याच्या विद्येत आपले पूर्वज पारंगत होते. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ अशी मोर्तब उमटवलेली असे, आणि पेशवाईतील कागदांवर ‘लेखनसीमा’ आढळते. पत्र कोणी वाचील ही धास्ती त्यांना होतीच. पण येथवरचा मजकूर आमचा, यापुढे कोणी एक ओळही वाढवू नये, हा बंदोबस्त त्यांनी प्रत्येक कागदागणिक केला. आपण मात्र आपल्या नावगावाचा कोरा पुरावा, ज्याच्यावर वाटेल त्याने वाटेल ते कर्ज काढावे असा, रुपया-दोन रुपयांत काढून वाटत फिरतो.

तेव्हा वाचकहो, तंत्रज्ञानाच्या वादात न शिरता एवढेच करा. झेरॉक्स देणे चुकत नसेल तर तिच्यावर, मजकुरावरून आडव्या ओळीत, कोणत्या कामासाठी, कोणास आणि कोणत्या तारखेस दिली हे शाईने लिहून खाली सही ठोका; चार अंकांवर काम भागत असेल तेथे बारा देऊ नका; आणि दुकानातून निघण्यापूर्वी त्या सज्जन दुकानदाराकडून आपली फाइल आपल्या डोळ्यांदेखत पुसवून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरची तर घ्याच, आणि रीसायकल बिनमधलीही.