मीटरमधला अंधार

जुन्या पिकअपच्या मीटरचे दिवे एकदम जात नाहीत. आधी स्पीडच्या काट्याची डावी बाजू अंधारते, मग डिझेलचा काटा दिसेनासा होतो आणि शेवटी हाय बीमचा निळा दिवा तेवढा उरतो; तोही समोरच्याने डिपर मारून शिव्या हासडल्यावरच लक्षात येतो. बीड जिल्ह्यातल्या दहा-पंधरा वर्षं राबलेल्या पिकअपमध्ये हा प्रकार इतका सर्रास असतो की मालकाच्या लेखी तो बिघाडच नसतो. ‘आवाजावरून कळतंय की किती पळतीय,’ हे उत्तर ठरलेलं. डिझेल किती उरलंय हे मात्र आवाजावरून कळत नाही. ते गाडी बंद पडल्यावर कळतं, आणि त्या वेळी हौद्यात नेकनूरच्या बाजारातून घेतलेल्या शेळ्या ओरडत असतात.

दोष शोधायची सुरुवात मीटरपासून नव्हे, गाडीच्या मागच्या टोकापासून करायची असते. बहुतेक गाड्यांत मीटरची लाइट पार्किंगच्या लाइनवरच असते. म्हणून पार्किंग लाइट लावून खाली उतरावं आणि मागचे लाल दिवे पाहावेत. तेही विझलेले असतील तर फ्यूज किंवा लाइटचा स्विच गेलेला असतो. मागे उजेड आणि पुढे अंधार असेल, तर दोष मीटरमध्ये, त्याच्या वायरमध्ये किंवा डिमरमध्ये. ज्या गाडीत मीटरचा उजेड कमी-जास्त करायचं चाक असतं, तिथे ते आधी फिरवून पाहावं. डॅशबोर्ड पुसताना फडक्याने ते चाक खाली सरकतं आणि मग अख्खं वायरिंग उसवून झाल्यावर, संध्याकाळी, कुणाचा तरी पोरगा ते सहज वर फिरवतो.

फ्यूजच्या बाबतीत कंपनीने रंग ठरवून दिलेले आहेत : १० अँपिअरचा लाल, १५चा निळा, २०चा पिवळा, ३०चा हिरवा. वायर तापण्याआधी स्वतः वितळून जाणं हेच फ्यूजचं काम. पण वारंवार उडणारा फ्यूज हा कामचुकार समजला जातो आणि लालच्या जागी हिरवा बसवला जातो. हिरवाही हाताशी नसला, तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवतात. ही चांदी काही केल्या उडत नाही. उडतं ते वायरिंग, आणि केबिनमध्ये धूर झाला की मीटरमध्ये काय दिसतंय हा प्रश्न मिटतो.

फ्यूज मुळात का उडतो याचं उत्तर बहुतेकदा डॅशबोर्डवरच बसलेलं असतं. परळीच्या वैजनाथाची नाहीतर भगवानबाबांची तसबीर, भोवती लाल-हिरव्या दिव्यांची लुकलुकणारी माळ. या माळेला करंट कुठून द्यायचा? हाताला लागेल त्या पहिल्या जिवंत वायरमधून, आणि ती मीटरचीच निघते. त्याच वायरवर पुढे टेपचा लाइट, मोबाइलचा चार्जर आणि उन्हाळ्यात छोटा पंखा येतो. जोड दाताने सोलून, पीळ देऊन, वर टेप मारून केलेला. मराठवाड्यातल्या चाळीस अंशांपुढच्या उन्हात उभ्या केबिनमध्ये त्या टेपचा डिंक पातळ होतो, टेप सुटून लोंबते आणि उघडी तार पत्र्याला टेकली की शॉर्ट. पिकअप गोठ्याशेजारी उभी राहत असेल तर उरलेलं काम उंदीर करतात. कंपनीचं मूळ वायरिंग या सगळ्यात बहुधा निर्दोष असतं. बिघडलेली असते ती मागची दुरुस्ती. म्हणून जाणता वायरमन आधी देवाची माळ सोडवतो आणि मगच टेस्ट लॅम्प हातात घेतो. त्याला नास्तिक म्हणण्याचं कारण नाही.

एवढं करूनही अंधार हटला नाही, तर मीटर खोलावं लागतं. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. कडेच्या पट्टीचे स्क्रू सोडवून मीटर अर्धवट पुढे ओढलं की ते अडतं. इथे बरेच जण जोर लावतात. अडवणारी असते स्पीडोमीटरची केबल. तिची चकती मागून हात घालून फिरवली की मीटर मोकळं होतं. पाठीमागे प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर तांब्याच्या रेघा ओढलेल्या असतात आणि त्यांवर थोडंसं फिरवून निघणारे होल्डर. प्रत्येकात काचेच्याच बुडाचा, नखाएवढा १२ व्होल्टचा बल्ब. काच काळी पडलेली असेल किंवा आतली तार तुटलेली असेल तर बल्ब गेला. पण निम्म्या वेळा बल्ब ठणठणीत असतो आणि होल्डरचे पितळी पाय हिरवे पडलेले असतात. बारीक पॉलिश पेपरने, नाहीतर काडेपेटीच्या कडेने, ते हलकेच घासावेत. तांब्याच्या रेघा मात्र घासायच्या नाहीत, त्या निघून येतात. हौसेने एलईडी बसवला आणि तो लागला नाही, तर दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी तो उलटा फिरवून लावावा. त्याला प्लस-मायनस कळतं, जुन्या बल्बला कळत नसे.

सगळ्यात गमतीचा दोष अर्थचा. डावा इंडिकेटर दिला की अख्खं मीटर त्याच्याबरोबर ताल धरतं. ब्रेक दाबला की मीटर मंद होतं. करंटला बॉडीकडे जायची सरळ वाट सापडत नाही, म्हणून तो दुसऱ्या बल्बच्या घरातून परत जातो. नवे बल्ब आणून यात काहीच फरक पडत नाही. डॅशबोर्डच्या आत बॉडीला कसलेला अर्थचा बोल्ट शोधावा, त्याखालचा रंग आणि गंज खरवडावा, आणि बोल्ट आवळावा.

आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग असतं. त्या सकाळी बीडच्या एमएच २३ नंबरच्या पिकअपमध्ये हटकून लख्ख उजेड असतो. पुढचं सांगायला नको.

उजेडाच्या दिव्यांवाचून गाडी चालते, इशाऱ्याच्या दिव्यांवाचून फार दिवस चालत नाही. चावी फिरवली की बॅटरीचा आणि ऑइलचा लाल दिवा लागला पाहिजे, आणि इंजिन सुरू झालं की दोन्ही विझले पाहिजेत. बॅटरीचा दिवा विझला नाही तर पट्टा तुटलाय किंवा डायनामो चार्ज करत नाही. पुष्कळ जुन्या गाड्यांत तर डायनामोला जागं करणारा करंट याच बल्बमधून जातो, त्यामुळे बल्ब गेला की चार्जिंगही जातं. ऑइलचा दिवा चालत्या गाडीत लागला तर गाडी तिथेच बंद करावी, गाव जवळ असलं तरी. आणि जुनी पिकअप विकत घ्यायला गेलात, चावी फिरवली आणि ऑइलचा दिवा लागलाच नाही, तर मालक ‘बघा, काही तक्रार नाही’ म्हणेल. त्या होल्डरमधला बल्ब काढलेला तर नाही ना, हे पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका.